काचेच्या लाइनीवरचं बोलणं

माह्या भावाच्या पोटात गोष्ट किती राहते, ते मलेच मालूम. त्या पोटापायी मी जन्मभर जळली आहे. बाबनराव सोरते त्याचं नाव. लोकांसाठी बाबनराव, माह्यासाठी बाबन. माय गेली तेव्हा तो अंगणात रांगून राहिला होता. त्याले मी वाढवलं. अन् नवरा गेल्यावर मी नागपूरच्या महाल वस्तीतल्या त्याच घरी परत आली, त्याच्याच संसारात राहिली. म्हणून मी त्याच्याबद्दल दोन शब्द वाकडे बोलली तं कोणी मनावर घेऊ नका. तुळजाबाईले तेवढा हक्क आहे.

आम्ही कोष्टी. बाप लुगडे विणे. बाबनले त्यानं एकच विद्या धड शिकवली, तुटलेला धागा सांधायची. टोक ओठात धरायचं, थुंकीनं ओलं करायचं, दुसऱ्या टोकावर ठेवून बोटानं पीळ द्यायचा. सांधा डोळ्याले दिसला नाही पाहिजे अन् हाताले लागला नाही पाहिजे. मंग मागाचे दिवस गेले. बाबन कन्हानच्या एका कोळशाच्या कचेरीत टेलिफोनच्या तारा जोडायच्या कामावर लागला. कचेरीचं नाव मी घेत नाही, उगाच कायले कोणाची अब्रू काढा. खदानीपासून तं नागपुरातल्या मोठ्या ऑफिसपर्यंत त्या कचेरीची स्वतःची लाइन होती. तांब्याची तार, खांबावरून गेलेली. बाप म्हणे, "धागा काय अन् तार काय, सांधणंच आहे."

तार तपासायची म्हणजे खांबावर चढायचं, हातातला फोन तारेले अडकवायचा अन् ऐकायचं. कोणी बोलत असलं तं ते कानात पडणारच. पहिल्याच दिवशी जुन्या मिस्त्रीनं त्याले सांगतलं, "लाइनीवरचं बोलणं लाइनीवरच ठेवजो. घरी नेलं तं तू जोडारी नाही, चोर आहे." दुसरा कोणी असता तं हाव हाव म्हणून विसरला असता. आमच्या बाबननं ते देवाच्या माळेसारखं गळ्यात घातलं.

त्याच्या पोरीची, शामलाची गोष्ट सांगते. तिले पाहायले पाहुणे येणार होते. पोट्ट्याचा बाप त्याच कचेरीत बाबू. मी पहाटे उठून रवा भाजला, शिरा केला, घरातल्या एकुलत्या एक चादरीले इस्त्री केली. पाहुणे आले, पोटभर खाल्लं, शामलाले चार प्रश्न विचारले अन् गेले. मंग निरोप आला की जमत नाही. तिचं लग्न मंग दुसरीकडं झालं. पुढं कधीतरी बाबनच्या बायकोनं, सुभद्रानं, मले सांगतलं की त्या पोट्ट्याचं उमरेडले आधीच ठरलं होतं, अन् पाहुणे यायच्या आधीच पोट्ट्याचा बाप ते लाइनीवर बोलला तेव्हा खांबावर बाबनच होता, असं तिले कचेरीतल्या लोकांकडून कळलं होतं! मी हातातली परात आपटली. "काय गा बाबन, पोरीले नटवून बसवली, मी चुलीपाशी भाजली, अन् तू मुक्यावाणी पाहत राहिला?" तं म्हणते कसा, "लाइनीवरचं होतं न बाई." कपाळ माहं! घरात असा माणूस असला तं भिंतीशी बोललेलं बरं. भिंतीले कान तरी असतात, अन् कधीमधी तिकडून काही ऐकू तरी येते.

असा माहा भाऊ. अन् त्याच भावाले लोक चोर म्हणाले. ते कसं झालं ते ऐका.

कचेरीत एक मोठे साहेब होते, खानझोडे साहेब. उद्या कोणत्या खदानीतून कोळसा उचलायचा, कोणती बंद ठेवायची, हे ते रोज दुपारी नागपूरच्या ऑफिसले लाइनीवर सांगत. हुकूम गुपित. कारण आधी मालूम झालं की ठेकेदाराचे ट्रक तिथं जाऊन पहिला नंबर लावत अन् चांगला कोळसा उचलून नेत. दुसऱ्यांच्या नशिबी माती अन् दगड. अन् होत होतं तसंच. हुकूम खदानीवर पोहोचायच्या आधी एकाच ठेकेदाराचे ट्रक रांगेत उभे. साहेब डोकं धरून बसले. तांब्याच्या तारेवर कोणीही आकडा टाकावा अन् ऐकावं, एवढं खुलं काम. दोन-चार जागी खरंच आकडे सापडले म्हणतात. मंग वरून हुकूम आला, काचेची लाइन टाका.

हे सत्त्याऐंशी सालचं. मुंबईचा एक इंजिनीअर आला, पेटीभर यंत्रं घेऊन. त्याच्या हाताखाली जोडाईले बाबन. एक दिवस बाबन त्या तारेचा तुकडा घरी घेऊन आला. मी म्हटलं, "हे तार? हा तं माह्या डोक्यातला पांढरा केस आहे!" त्यानं एका टोकाले बॅटरी लावली अन् दुसरं टोक मले दाखवलं. टोकावर उजेडाचा एक ठिपका. तार वाकडी केली तरी उजेड तिच्यातून वळून आला! मी तोंडाले पदर लावला. बाबन सांगत होता, बोलण्याचं उजेडात रूपांतर होते, उजेड लुकलुक करत काचेतून पळते, अन् तिकडच्या टोकाले त्याचं परत बोलणं होते. अन् चोरायचं म्हटलं तं चोराले तार फारच मुडपून उजेड बाहेर सांडवावा लागते. उजेड सांडला की तिकडच्या यंत्राचा काटा खाली येते. चोरी झाली हे तारच सांगते. "आता कोणाच्या बापाले ऐकता येत नाही," म्हणाला. एवढा खूश मी त्याले त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्याच्या जन्मभर तोंड बंद ठेवण्याले आता तारेचीही साथ मिळाली होती न!

पण हाताची सवय कुठं जाते? पहिल्याच जोडाले यानं काय करावं! काचेचं टोक उचललं अन् घातलं ओठात, ओलं करायले! इंजिनीअर किंचाळला म्हणे. काचेचं कुसळ ओठात मोडलं. घरी आला तं ओठ वांग्याएवढा सुजलेला. डोळ्याले दिसत नाही, हाताले लागत नाही, अन् घास घेतला की टोचते. सुभद्रा रडून राहिली अन् मी शिव्या देऊन राहिली. "कोष्ट्याच्या पोटी जन्मला म्हणून काच चाटायची काय रे?" शेवटी डॉक्टरनं भिंग लावून काढलं. तेव्हापासून त्यानं त्या काचेचा एक एक जोड असा लावला की इंजिनीअरनं जाताना त्याच्याशी हात मिळवला.

लाइन सुरू झाली. यंत्राले धूळ अन् गरमी चालत नाही म्हणून साहेबासाठी रस्त्याच्या बाजूले नवी खोली बांधली, तिच्या एका खिडकीत कूलर बसवला. साऱ्यांनी पेढे खाल्ले.

अन् आठवडाही गेला नाही तं ठेकेदाराचे ट्रक परत हुकमाच्या आधी खदानीवर हजर!

आता बोला! साहेबानं यंत्राचा काटा पाहिला. काटा जागचा हलला नाही. तार तपासली, कुठं वाकवली नाही, कुठं ओरखडा नाही. मंग साहेबाचं डोकं चाललं. काचेतून चोरी कोण करू शकते? ज्याले काच जोडता येते तो. अन् कन्हानात काच जोडता येणारा माणूस एकच. काटा काहून पडत नाही? कारण त्यानं पहिल्या दिवसापासून, जोडातच, चोरवाट ठेवली असंल. काट्याले तेच खरं वाटून राहिलं असंल. झालं! तार जेवढी पक्की, तेवढा बाबन पक्का चोर. तांबं होतं तेव्हा गावावर संशय होता, काच आली तं एकट्या माह्या भावावर आला.

त्याले घरी बसवलं. चौकशी लावली. त्या दिवशी तो घरी आला अन् दारातच बसला. मी म्हटलं, "काय झालं गा?" तं म्हणाला, "मले चोर म्हणाले, बाई." सुभद्रा चुलीपाशी रडत बसली. गल्लीत कोणी काही बोललं नाही, पण शेजारची पार्वतीबाई रोज मीठ-मिरची मागायले यायची, ते यायची बंद झाली. ज्यानं पोरीच्या लग्नाची गोष्ट घरात सांगतली नाही, तो ठेकेदाराले खदानी सांगंल? मले वाटलं, यापरी कोणी मले चोर म्हटलं असतं तं मी तिथंच त्याचं तोंड फोडलं असतं. बाबन नुसता बसून राहिला. विचारलं तं म्हणे, "कर नाही त्याले डर कायची?" अरे, डर तुले नाही, घराले आहे! नोकरी गेली, वरून पोलिसात दिलं, तं सुभद्रानं काय करावं, शामलाच्या सासरी काय तोंड दाखवावं?

चौकशीचा शेवटचा दिवस आला. बाबन सकाळीच कन्हानले गेला. माहा जीव राहीना. मी दुपारची बस धरली. म्हटलं, साहेबाच्या पायाशी बसून विचारते, अन् पाय धरून झालं नाही तं गळा धरते.

फाटकावर चौकीदारानं अडवलं. "साहेब लाइनीवर आहेत बाई, तिकडं सावलीत बसा." भिंतीले लागून कडुलिंब, त्याखाली रंभाबाईचं चहाचं दुकान. बाकावर पाच-सहा ट्रकवाले बशीत चहा ओतून पीत होते. मी कोपऱ्यात टेकली. एप्रिलचं ऊन, वारा नाही, कोळशाची धूळ नाकात. वरून कूलरची घरघर. अन् त्या घरघरीच्या वरताण एकदम आवाज आला,

"हॅलो! हॅलो नागपूर! आवाज येऊन राहिला काय? ऐका नीट! उद्या सात नंबर बंद! सात नंबर बंद! साऱ्या गाड्या टेकडीच्या खदानीवर!"

मले वाटलं कोणी माह्या कानातच बोललं. मी मान वर केली. डोक्यावर साहेबाची खिडकी, सताड उघडी! नागपुरात लहान पोराले मालूम आहे, कूलर लावला की दुसरी खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत चिपचिप होते. अन् कूलरचा आवाज म्हणून साहेब आणखी वरच्या पट्टीत. अन् जन्मभर तांब्याच्या खरखरीवर ओरडून ओरडून गळ्याले तेच वळण पडलेलं. काचेवर कुजबुजलं तरी ऐकू येते, पण साहेबाले सांगंल कोण? नागपूरचा बाबू म्हणे रिसीव्हर हातभर दूर धरून ऐके. त्याले नोकरी प्यारी नाही काय?

ट्रकवाल्यांनी बशा खाली ठेवल्या, तोंडं पुसली. एक म्हणाला, "चला बे, टेकडीवर." अन् उठले. मी त्याले धरला. "काय गा, तुम्हाले हे कोण सांगते?" तो माह्याकडे बावळटासारखा पाहत राहिला. "सांगायचं कायले बाई? साहेब सांगतात न. रोजचंच आहे. साहेब बोलले की चहा संपला."

बाप्पा बाप्पा! माहं डोकं गरगरलं. लाखाची काच टाकली, काटे लावले, माह्या भावाले चोर ठरवलं, अन् चोरी काय, तं उघडी खिडकी! काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात ते आणखी काय असते? मी हसावं की रडावं, तेवढ्यात वरून परत गर्जना झाली, "अन् तो सोरते! त्याले आजच काढून टाकतो! उद्या पोलिसात देतो! हे कोणाले कळू देऊ नका!"

मी उठली. चौकीदार "बाई, बाई" करत राहिला. मी त्याच्या बाजूनं आत. ओसरीत बाकावर बाबन बसला होता. मले पाहून उभा राहिला. "बाई, तू कायले आली वं?" मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. साहेबाच्या खोलीचं दार ढकललं. खानझोडे साहेब रिसीव्हर ठेवून घाम पुसून राहिले होते.

"साहेब," मी म्हटलं, "उद्या सात नंबर बंद. साऱ्या गाड्या टेकडीच्या खदानीवर. अन् माह्या भावाले तुम्ही उद्या पोलिसात देऊन राहिले. खरं की खोटं?"

साहेबाचं तोंड पांढरंफटक पडलं. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीतच लहान झाला. मले वाटलं, आता समजलं याले. पण कायचं काय! साहेब ताडकन उठले अन् माह्याकडे बोट दाखवून ओरडले, "सापडली! हे पाहा! आत्ता लाइनीवर बोललो, अन् हिले शब्दन् शब्द मालूम! तुमच्या घरी ऐकायचं यंत्र आहे! चौकीदार, दार लाव! साऱ्या घरानं मिळून चोरी केली! सारं खानदान चोर आहे तुमचं!"

मी भावाले सोडवायले आली, अन् माह्या तोंडानंच त्याच्या गळ्यात दोर टाकला! खरं बोलली तेच पुरावा झालं! बाबन दारात येऊन उभा होता.

अन् तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. रंभाबाईचा. तिनं चहाच्या भांड्यावरून मान वर करून, अगदी सहज विचारलं, "साहेब, चोर कोणाले म्हणून राहिले जी?"

साहेब खिडकीकडे वळले. हळूहळू गेले. खाली पाहिलं. खाली रंभाबाई, रिकामा बाक, उष्ट्या बशा. अन् पार वळणावर धूळ उडवत टेकडीकडे चाललेले ट्रक. साहेब खिडकीचा गज धरून उभे राहिले ते उभेच राहिले. रंभाबाई बिचारी घाबरली, म्हणे, "चहा देऊ काय जी?"

मंग साहेब वळले. तो गळा, ज्यानं कन्हान डोक्यावर घेतलं होतं, तो आता पुटपुटत होता. त्यांनी बाबनले विचारलं, "सोरते, तुम्ही इथंच भिंतीपाशी तार तपासत होते रोज. तुम्हाले हे ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं साहेब."

"सारं?"

"हाव साहेब."

"अन् ट्रकवाले ऐकतात, हे?"

"दिसत होतं साहेब."

"अरे मंग सांगतलं काहून नाही? तुमची नोकरी जाऊन राहिली होती!"

बाबननं मान खाली घातली. "सांगायचं म्हणजे तुम्ही काय बोलले ते मी ऐकलं, असं सांगावं लागलं असतं. लाइनीवरचं बोलणं होतं साहेब."

मालूम होतं याले! चोर म्हणून घरी बसवलं तेव्हा मालूम होतं, सुभद्रा रडली तेव्हा मालूम होतं, पार्वतीबाई यायची बंद झाली तेव्हा मालूम होतं! अन् हा गप! मले त्याच्या मुस्काटात मारावी वाटली अन् त्याच्या पायाही पडावं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, म्हणून काहीच केलं नाही.

साहेबानं हात जोडले. खरंच जोडले, मी पाहिलं. म्हणाले, "सोरते, उद्यापासून कामावर या." अन् स्वतःच्या हातानं खिडकी लावून घेतली. खोलीत लगेच चिपचिप सुरू झाली.

आम्ही भाऊ-बहीण रस्त्यावर आलो. बसची वाट पाहत उभे राहिलो. माह्या अंगात उकळी मावेना. वाटलं, आता हसंल, आता म्हणंल की बाई, तुह्यापायी वाचलो. हा जमिनीकडे पाहून राहिला. शेवटी मीच म्हटलं, "अरे, नोकरी वाचली! अब्रू वाचली! तोंड तं उघड, मेल्या!"

त्यानं तोंड उघडलं. "बाई, तू साहेबाच्या तोंडावर साहेबाचं बोलणं बोलून दाखवलं."

"मंग? तुले पोलिसात देऊन राहिले होते!"

"देऊ द्यायचं होतं."

"अन् ते ट्रकवाले? ते रोज ऐकत नव्हते?"

"त्यांनी ऐकलं ते साहेबाच्या तोंडून. त्यांनी ऐकलं अन् गाड्या काढल्या. दुसऱ्याले बोलून कोणी नाही दाखवलं." बाबनच्या डोळ्यात पाणी होतं. बाप मेला तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. "एवढ्या वर्षात माह्याकडून त्या लाइनीवरची एक गोष्ट बाहेर गेली नाही. आज गेली, बाई. अन् माह्याच घरातून गेली."

बस आली. त्यानं माहा हात धरून मले वर चढवलं, खिडकीपाशी बसवलं, अन् स्वतः दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.